मुंग्यांच्या वाट्याचं पीठ

मामा एकदा एका लग्नाला गेले, पोटभर जेवले, वधूवरांवर अक्षता टाकल्या आणि नारळ-पानसुपारीची पिशवी हातात घेऊन घरी आले. मामींनी पिशवीवर छापलेली नावं वाचली आणि कपाळाला हात लावला. लग्न भलत्याच कुणाचं होतं. आमंत्रण होतं ते शेजारच्या मंडपातलं.

"अहो, एवढ्या माणसांत एकही ओळखीचं तोंड दिसलं नाही?"

"नाही दिसलं. मला वाटलं, सगळे मुलीकडचे असतील."

"आणि त्या लोकांनी तुम्हाला बसवून वाढलं?"

"त्यांना वाटलं असेल, मी मुलाकडचा."

मामींनी त्यांना तसंच परत पाठवलं. ते दुसऱ्या मंडपात गेले, तिथंही अक्षता टाकल्या आणि तिथंही जेवले. पहिलं जेवण ते विसरून गेले होते, असं मामी म्हणायच्या. मला वाटतं, त्यांना आग्रह मोडवला नसेल.

मामा म्हणजे आमचे मद्रासचे घरमालक. किड्यांचा अभ्यास करणारे फार मोठे शास्त्रज्ञ, कॉलेजात शिकवायचे. परदेशातून त्यांना पत्रं यायची, पुस्तकं यायची, कधी कधी गोरे पाहुणेही यायचे आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत अवघडून बसायचे. आता ते गेले, आणि त्यांच्या विसरभोळेपणाच्या गोष्टी लोक हौसेनं सांगतात. त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. मी सात वर्षं त्यांच्या घरामागच्या खोलीत राहिले, मी पाहिल्या आहेत. पण एक गोष्ट लोक सांगतात ती तशी नाही. ती कशी आहे हे आता मला एकटीलाच ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीला बसले आणि आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

ती खोली आम्हाला मिळाली त्याचीही गोष्टच आहे. लग्न होऊन मी कोकणातून थेट मद्रासला आले. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात लागले होते. आमच्याकडे एक ट्रंक आणि एक वळकटी, आणि ज्यांच्याकडे उतरायचं ते गृहस्थ बदली होऊन निघून गेलेले. मांबळम स्टेशनबाहेर आम्ही दोघं एकमेकांवर वैतागत उभे होतो. मी रडत होते, हे "आता रडून काय होणार" म्हणत होते. तेवढ्यात पुढे गेलेला एक धोतर नेसलेला माणूस थांबला, मागे वळला आणि थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही मराठी की? कुठलं गाव?"

ह्यांनी गावाचं नाव सांगितलं.

"समुद्राकडे? मग झाडावर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना तुमच्याकडे काय म्हणतात?"

मी डोळे पुसत म्हटलं, "हुमले."

त्यांनी खिशातून कागद काढला, तो शब्द लिहून घेतला, दोनदा म्हणून पाहिला. मग चावतात का, कुठे चावतात, लोक त्यांची चटणी करतात हे खरं का, असं बरंच विचारलं. आमचं नाव विचारायचं त्यांना सुचलं नाही. आम्ही कुठे उतरलो आहोत हे शेवटी विचारलं, आणि कुठेच नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग चला की." त्या हुमल्यांमुळे आम्हाला छप्पर मिळालं. आजही देवापुढे हात जोडले की त्या मुंग्यांची आठवण होते.

मामांचं घराणं तंजावरकडचं, कितीएक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. त्यांची मराठी आमच्या पणजोबांच्याही आधीची असावी. मामी "ऐसं", "कैसं" म्हणायच्या आणि मधेच "अय्यो" म्हणून तमिळमध्ये शिरायच्या. बोलण्याचा हेलही तिकडचाच. सुरुवातीला मला हसू दाबावं लागायचं. पण घरापासून इतक्या लांब, जिथे भाजीवाल्याशीसुद्धा बोटांनी बोलायचं, तिथे "जेवलीस की गे?" असं कुणी विचारलं की माहेरी आल्यासारखं वाटायचं. तिकडच्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना मामा आणि मामी म्हणू लागलो.

मामांचं भिंग सतत हरवायचं. शेवटी मामींनी ते दोऱ्यानं त्यांच्या जानव्याला बांधून टाकलं, तिकडे लोक किल्ली बांधतात तसं. त्यानंतर ते हरवलं नाही, पण मामा ते शोधायचे थांबले नाहीत. ओणवे होऊन टेबलाखाली शोधायचे आणि भिंग त्यांच्या पोटाखाली घंटेसारखं हलत असायचं. कॉफी समोर ठेवली की तिच्यापर्यंत पहिली मुंगी किती वेळात पोचते हे घड्याळ लावून बघत बसायचे, आणि मुंगी पोचली, वेळ लिहून झाली की मुंगीसकट कॉफी पिऊन टाकायचे.

ह्या अशा माणसाचा एक नेम मात्र कधी चुकला नाही. रोज उजाडताना दारात कोलम काढून झाला की ते उंबऱ्याशी पाटावर बसत. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात भिंग. कोलमच्या पहिल्या रेघेवरून पाव तासात किती मुंग्या दाणा उचलून नेतात, ते मोजत. कोलम म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी, पण तांदळाच्या पिठाची. मामींच्या घरी ती निव्वळ शोभा नव्हती. सकाळी चूल पेटायच्या आधी दाराशी मुंग्यांना, किड्यांना, चिमण्यांना घास ठेवायचा, मग आपण खायचं, असा तो प्रकार. मामा किती वर्षं मोजत होते कुणास ठाऊक. जाड्या वह्यांची एक चळत होती.

मामींचे गुडघे धरले होते. त्यांना खाली वाकवेना, तेव्हा कोलम माझ्याकडे आला. मामी दाराशी खुर्चीत बसून ठिपके मोजायच्या. "अय्यो, तिसऱ्या ओळीत एक कमी गे. तुझ्या गावी ठिपके मोजत नाहीत की काय?" रोज त्या डब्यातून पिठाची एक वाटी भरून माझ्या हातात द्यायच्या. महिना दोन महिन्यांत माझा हात बसला. आणि मग मामांनी मला वहीवर बसवलं.

"तुझं अक्षर कैसं आहे बघू."

मी एक ते दहा आकडे काढून दाखवले. त्यांनी भिंगातून पाहिले.

"माझ्याहून पुष्कळ बरं. मी सांगतो, तू लिही."

"पण मला इंग्रजी येत नाही, मामा."

"मुंग्यांनाही येत नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून उंबऱ्याची वही मराठीत झाली. कॉलेजातल्या वह्या इंग्रजीत आणि ही एक मराठीत, एका चौथी शिकलेल्या बाईसाठी. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा, एकेका अक्षरावर थांबायचे, पण वही त्यांनी बदलली नाही. ते घड्याळावर नजर ठेवून म्हणायचे, "अकरा... बारा... ही रिकामी गेली, धरू नको... तेरा," आणि मी लिहायची. शाळा सुटल्यापासून माझ्या लिहिण्याची कुणाला गरज पडली नव्हती.

पुढे तांदळाची टंचाई आली. रेशनच्या दुकानासमोर पहाटेपासून पिशव्या रांगेत ठेवलेल्या असायच्या. मामींकडे गावच्या शेतीचं थोडंफार येत होतं, आमच्याकडे वीस तारखेला डबा खडखडायचा. गव्हाचं काही केलं तर हे खायचे, पण ताटाकडे बघून नाही. आम्ही कोकणातली माणसं, तांदळाची भाकरी आणि कालवण पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. आणि मी रोज सकाळी वाटीभर तांदळाचं पीठ जमिनीवर टाकत होते. त्यावरून दूधवाला चालत जायचा, सायकल जायची. लहानपणापासून ताटाबाहेर शीत पडलं तर उचलून डोळ्यांना लावायची सवय. माझ्या हाताला ते सोसेना. आमच्याकडे रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची पूड. पांढरा मऊ दगड कुटून चाळायचा. अन्न कोण रांगोळीत घालतं?

मद्रासलाही दगडाची पूड विकणारी बाई टोपली घेऊन रस्त्यानं ओरडत जायची. घाईच्या घरांतून ती घ्यायचेही. एक दिवस मामी देवळात गेल्या असताना मी तिला थांबवलं आणि पदराआड पूड घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मामींनी दिलेली वाटी मी घागरीमागे लपवायची, दुसरी वाटी दगडाची भरून ठेवलेली असायची ती उचलायची आणि कोलम काढायची. दोन वाट्या साठल्या की बारीक चाळून, उकड काढून भाकऱ्या. पहिल्या दिवशी ह्यांनी भाकरीचा पापुद्रा उचलून वास घेतला. "पीठ कुठून?" म्हणाले. मी सांगितलं. हे म्हणाले, "नाहीतरी पायाखालीच जात होतं." मीही स्वतःला तेच सांगत होते. पण मामींना विचारून घ्यावं असं मला एकदाही वाटलं नाही. म्हणजे, चोरी आहे हे मला ठाऊक होतं.

मुंग्यांचा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. रोज माझ्याच हातांनी मुंग्या वहीत लिहीत होते, तरी नाही आला.

पहिल्या सकाळी मामा म्हणाले, "पाच." मग बराच वेळ काहीच नाही. "ही आली, हुंगलं, परत गेली. ही पण. अगं, आज काय झालंय ह्यांना?" तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी त्यांनी पाव तास भिंगातून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "लिही. कुणी नाही."

तेव्हा मला उमगलं.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "पीठ तेच ना?"

मी म्हटलं, "हो मामा."

"लिही, पीठ तेच."

आणि मी लिहिलं. चांगल्या अक्षरात, ओळीवर.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि बाकी सगळ्या जगावर संशय घेतला. गटारावर औषध मारणाऱ्या माणसांना गाठून काय मारलंत म्हणून विचारलं. विहिरीचं पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेलं. उंबऱ्याजवळची माती चमच्यानं काढून पुड्या बांधल्या, त्यातली एक पुडी मामींच्या मसाल्याच्या डब्यात सापडली. जेवताना मधेच उठून दारात जायचे आणि ताटावर परत यायला विसरायचे. मामी म्हणायच्या, "मुंग्या जेवीनात म्हणून हेही जेवीनात."

मग त्यांनी गल्लीतल्या बाकी घरांच्या मुंग्या बघायचं ठरवलं. उजाडताना परक्यांच्या उंबऱ्याशी जाऊन उकिडवे बसायचे. चौथ्या की पाचव्या घरी एका बाईनं सडा घालायला बादली उपडी केली ती मामांवर. नखशिखान्त भिजून घरी आले.

"काय हे!" मामी ओरडल्या.

"तिचं काय चुकलं? उंबऱ्यावर म्हातारा असेल असं तिला कैसं वाटणार? पण ऐक, तिथल्या मुंग्या नेतायत. सगळीकडे नेतायत. फक्त आपल्याकडे नाही!" डोळे असे चमकत होते, जणू कुणी त्यांना बक्षीस दिलंय.

ओल्या धोतरानंच वही काढून बसले. मी म्हटलं, "मामा, आधी कपडे बदला." माझ्या तोंडून एवढंच निघालं. दुसरं जे सांगायला हवं होतं ते जिभेवर आलं आणि परत गेलं. संध्याकाळी त्यांना ताप भरला.

चार दिवस ते अंथरुणावर होते. मी पेज करून द्यायची, मामी कपाळावर पट्टी ठेवायच्या. त्यांचं वय साठीच्या पुढे. मी इतकी घाबरले की उरलेली दगडाची पूड उचलून परसात ओतली आणि मुकाट्यानं कोलममध्ये पुन्हा पीठ घालू लागले. वाटलं, झालं. आता मुंग्या येतील, मामांचं मन शांत होईल, कुणाला काही कळायचं कारण नाही.

पाचव्या दिवशी मामा शाल गुंडाळून पाटावर येऊन बसले. मी वही उघडली.

"एक. दोन. तीन, चार, अगं, सहा... लिहीत राहा!" पाव तास संपला तेव्हा त्यांचा आवाज चिरका झाला होता. "आल्या! मी नव्हतो तेव्हा परत आल्या! वीस दिवस अन्न समोर असून शिवल्या नाहीत आणि एका आठवड्यात सगळ्या परत. हे मी कुठे वाचलेलं नाही. कुणी पाहिलेलं नाही हे."

मी चूक झाकायला गेले आणि तिला आणखी सुंदर करून ठेवलं. आता ती चूक राहिली नव्हती, शोध झाली होती. त्यांनी त्यावर लिहायला घेतलं. वारुळात आतल्या आत काही घडलं असावं, मुंग्यांनी अन्न कळूनही नाकारलं असावं, असा काहीसा त्यांचा तर्क होता. महिन्याभरात विद्वानांची सभा होती, तिथे ते वाचणार होते.

"आणि नोंदी कुणी ठेवल्या तेही मी सांगणार," ते मला म्हणाले. "नावासकट."

रात्री ह्यांना मी सांगितलं.

"बोलू नकोस," हे म्हणाले. "खोली जाईल. मुंग्यांसाठी खोली घालवणार?"

"मुंग्यांसाठी नाही हो. ते सभेत खोटं बोलतील, आणि त्यांना ठाऊकही नसेल."

"मग कुठे जायचं आपण? सांग ना. तुझ्या माहेरी?"

ह्यांनी समोरची, उरलेल्या त्याच पिठाची भाकरी उचलली आणि परत ठेवली. त्यांनाही ती खाववली नाही, हे मी पाहिलं. पुढचे दहा-बारा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मामा सकाळी आकडे सांगायचे, मी लिहायची. ते दुपारी टेबलाशी बसून लिहायचे, मधेच मला हाक मारून विचारायचे, "सतराव्या दिवशी वारा होता की?" आणि मी उत्तर द्यायची. त्यांचं धोतर उलटं नेसलेलं असायचं, चष्मा कपाळावर असायचा, पण कागदावरचा एकेक आकडा ते तीनदा ताडून बघायचे. आकडे सगळे बरोबर होते. मी लिहिलेलं सगळं बरोबर होतं, ती एक ओळ सोडली तर.

सभा दोन दिवसांवर आली तेव्हा मामी बाहेर गेल्याचं बघून मी त्यांच्या टेबलाशी गेले.

"मामा, पीठ नव्हतं."

"हं?" ते लिहीत होते.

"कोलममध्ये. ते वीस दिवस. दगडाची पूड होती. पीठ मी घरी नेत होते. भाकऱ्यांना."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता ओरडतील. मी आधीच रडत होते. ते माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत होते असं वाटत नाही.

"कुठला दगड?"

"पांढरा. मऊ असतो. टोपलीवालीकडचा."

"आहे थोडी?"

परसात ओतलेल्या जागेवरून मी मातीसकट मूठभर आणली. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, चावली, थुंकली. मग खुर्चीत मागे टेकले. तेवढ्यात ते म्हातारे झाले असं मला वाटलं. महिन्याभराचे कागद समोर पडले होते. त्यांनी ते एकावर एक नीट रचले आणि बाजूला सारले.

"मुंग्यांना कळलं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"मामा, मी चोरी केली. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोलले."

"चोरीचं मामीला सांग. माझ्या वहीत त्याचा रकाना नाही." त्यांनी वही ओढली, माझी ती ओळ बोटानं शोधली, "पीठ तेच," आणि तिच्यापुढे त्यांच्या वाकड्यातिकड्या मराठी अक्षरात लिहिलं, "विचारलं. पाहिलं नाही." मग म्हणाले, "हे मी पोरांना पहिल्या वर्षात शिकवतो. किडा काय खातो ते आधी स्वतः बघ. भिंग जानव्याला बांधून मी वीस दिवस दगडावर बसलो होतो."

मामीला सांग म्हणाले, पण मी सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. सर्वांत कठीण ते झालं, असं मनाला समजावलं.

सभेनंतर दोन दिवसांनी मामांचा एक विद्यार्थी घरी आला. तमिळ मुलगा, हुशार, हसरा. मामी त्याला कॉफी देत होत्या, मी भांडी उचलत होते, मामा खुर्चीत पेपर वाचत होते. तो मामींना तमिळमध्ये सांगू लागला. मला बोलता येत नसलं तरी एव्हाना समजायला लागलं होतं. सरांनी सभेत कमाल केली म्हणे. ठरलेला लेख वाचलाच नाही. उभे राहून म्हणाले, मी वीस दिवस माझ्या उंबऱ्यावरच्या मुंग्या मोजल्या, त्या उपाशी का राहतात म्हणून ताप येईपर्यंत हिंडलो, आणि शेवटी कळलं की समोर तांदूळ नव्हता, दगड होता. मी बघायला विसरलो. सगळी सभा हसली, सरही हसले.

"एवढे मोठे शास्त्रज्ञ, मामी, आणि तांदूळ की दगड ते कळलं नाही!" तो हसून हसून बेजार झाला होता.

मामी हसल्या नाहीत.

"दगड?" त्या मामांकडे वळल्या आणि मराठीत आल्या. "माझ्या उंबऱ्यावर दगड? चार माणसांत जाऊन तुम्ही ऐसं सांगितलं? आता लोक म्हणतील, हिच्या दारात किडामुंगीलाही घास मिळत नाही. माझ्या सासूनं कधी केलं नाही, तिच्या सासूनं केलं नाही."

"चूक माझी आहे," पेपरच्या आडून मामा म्हणाले. "मी पाहिलं नाही."

"तुम्ही काय बघणार? तुम्हाला जेवलेलं आठवत नाही! पण पीठ मी देते. माझ्या हातानं, माझ्या डब्यातलं. मग दगड आला कुठून?"

मामांनी पेपर खाली घेतला नाही. मला वाचवण्यासाठी, की मला संधी देण्यासाठी, हे मला तेव्हाही कळलं नाही. माझ्या हातात कॉफीचे दोन पेले होते.

"मी घातला, मामी," मी म्हटलं. "पीठ मी नेत होते. आमच्या भाकरीला."

विद्यार्थ्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तो हसऱ्या तोंडानं माझ्याकडे, मग मामींकडे बघत राहिला. "काय म्हणते ती?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

मामींनी माझ्यावरची नजर न काढता त्याला सांगितलं, "विचारते आहे, अजून थोडी कॉफी हवी का?"

"पोदुम, पोदुम," पुरे म्हणून तो हात हलवत म्हणाला आणि उठला. जाताना ती गोष्ट तो घेऊन गेला, जशी ऐकली तशी. पुढे कितीजणांना सांगितली असेल. वर्षभरातच ती मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मिळाली, आणि मी तिथेही काही बोलले नाही.

तो गेल्यावर मी मामींच्या पायाशी बसले. त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मागायचं नाही होय गे? मी नाही म्हटलं असतं की काय?" आणि आत गेल्या. संध्याकाळी गावच्या तांदळाचं एक पायलीभर पीठ आमच्या दाराशी आणून ठेवलेलं होतं, बारीक दळलेलं, भाकरीसाठीच.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बादली घेऊन दारात गेले तर मामी आधीच तिथे होत्या. एक हात चौकटीवर, दुसरा हात गुडघ्यावर, आणि खाली बसायचा प्रयत्न चालला होता. मी धावले. "मामी, मी काढते ना."

"तू जा गे. तुझी भाकरी व्हायची असेल."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता, मी पुष्कळ शोधला. त्या कण्हत खाली बसल्या, ठिपके टाकले, मधे दोनदा थांबून श्वास घेतला. मामा पाटावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "वही आण." मी आणली आणि ते सांगतील तसं लिहीत गेले. कोलमची रेघ वाकडी आली होती. मुंग्या पुष्कळ होत्या.

आम्ही त्या खोलीत त्यानंतर चार वर्षं होतो. मामींनी माझ्या पहिल्या बाळंतपणात आईसारखं केलं. सणावारी मला जवळ बसवून जेवू घातलं. पिठाची वाटी मात्र त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिली नाही, आणि मीही मागितली नाही.